अण्णा कर्ते, कारभार बायांचा

डेक्कनवरून कोथरूडची बस पकडली की कंडक्टर न बघताच विचारतो, ‘कर्वे पुतळा?’ आपण मान हलवतो, तिकीट फाटतं. बरीच वर्षं मी असा ‘एक कर्वे पुतळा’ मागत आलो आहे. पुतळ्याखाली रिक्षावाले उभे असतात. चहाची टपरी, फुलांचा हारवाला, सकाळी शाळेच्या व्हॅन. त्या माणसाकडे वर मान करून बघणारा मला तरी क्वचितच दिसला. बघायला सवडही नसते म्हणा, सिग्नल सुटलेला असतो.

धोंडो केशव कर्वे. घरी आणि आश्रमात अण्णा. जन्म 18 एप्रिल 1858, खेड तालुक्यातल्या शेरवलीला, आजोळी. गाव मात्र दापोलीजवळचं मुरूड. ते जन्मले तेव्हा कागदोपत्री राज्य अजून ईस्ट इंडिया कंपनीचं होतं. राणीचा जाहीरनामा निघाला तो त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात. ते गेले 9 नोव्हेंबर 1962 रोजी, चीनबरोबरचं युद्ध चालू असताना. एकशे चार वर्षं. एवढ्या अवधीत माणसाची एकापाठोपाठ चार-पाच आयुष्यं होऊन जातात, आणि अण्णांची झालीही. त्या आयुष्यांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला कुतूहल आहे ते त्यांच्या घराचं. एकत्र कुटुंबाच्या कायद्यात घरच्या वडीलधाऱ्याला ‘कर्ता’ म्हणतात. अण्णा या शब्दाच्या मोठ्या अर्थाने कर्ते होते. घरापुरत्या अर्थाने होते का, याचं उत्तर त्यांच्या घरातल्या माणसांनीच लिहून ठेवलं आहे, आणि ते सरळ नाही.

सुरुवात साताऱ्याच्या वाटेपासून करावी लागते, कारण पुढचं सगळं त्या पायपिटीत दिसतं. 1875 चा पावसाळा. अण्णा सतरा वर्षांचे. पब्लिक सर्व्हिसची परीक्षा दिली की मास्तरकी किंवा कारकुनी मिळण्याची आशा. परीक्षेला मुंबई गाठावी तर समुद्र खवळलेला, बोटींचा भरवसा नाही. मग दोन-चार सोबती घेऊन पोरगा सह्याद्री चढून साताऱ्याला निघाला. कुंभार्ली घाट, पाऊस, चिखल, पाठीवर गाठोडं. शंभराहून जास्त मैल, चार दिवस. साताऱ्यात पोचले, दुसऱ्या दिवशी समितीपुढे उभे राहिले, आणि साहेबांनी यांच्याकडे पाहून म्हटलं की हा सतराचा दिसत नाही. दाखला हातात होता. तो कामाला आला नाही. अंगाने बारीक, उंचीने बेताचा, चेहऱ्यावर पोरपण. परीक्षेला बसूच दिलं नाही.

मुरूडच्या वाटेवर परत फिरताना काय वाटलं असेल याची कल्पना करायला जागा आहे, पण अण्णांनी आपल्या आत्मवृत्तात त्याचं रडगाणं केलेलं नाही. नंतर कोल्हापूर केंद्रावरून ते परीक्षा पास झाले. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. मुंबईत विल्सन, मग एल्फिन्स्टन. 1884 मध्ये गणित घेऊन बी. ए. पहाटेपासून शिकवण्या करायच्या, शाळांतून तास घ्यायचे, पैसे साठवायचे आणि त्यातले गावाकडे लावायचे. मुरूडच्या माणसांकडून थोडी थोडी वर्गणी गोळा करून गावाच्या भल्यासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला तोही याच काळात. स्वतःचं बस्तान बसायच्या आत दुसऱ्याच्या फंडाची वही उघडायची ही खोड तेव्हापासूनची.

1891 हे वर्ष त्यांच्या आयुष्याचा सांधा. त्या वर्षी पहिली पत्नी राधाबाई गेल्या. मागे नऊ वर्षांचा रघुनाथ. आणि त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर गणिताची जी जागा रिकामी होती, ती या अबोल कोकण्याने भरली. 1914 पर्यंत ते तिथे होते. चांगले शिक्षक होते असं म्हणतात. वक्ते मात्र नव्हते, आणि पुढे लाखो रुपये मागत जग फिरलेल्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तिशी ओलांडलेला विधुर प्रोफेसर म्हटल्यावर दहा-बारा वर्षांच्या मुली सांगून येणं ओघानेच आलं. अण्णांनी ठरवलं होतं की लग्न केलंच तर विधवेशी. मुंबईतले त्यांचे बिऱ्हाडसोबती नरहरपंत जोशी, देवरुखचे. त्यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन तीनच महिन्यांत विधवा झालेली. सासरी राबून राबून तारुण्य गाठलं, मग भावाने धाडस करून पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातली. सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. सदन सुरू झालं 11 मार्च 1889 रोजी, आणि बरोबर चार वर्षांनी, 11 मार्च 1893 रोजी, पुण्यात गोदूबाईंचं अण्णांशी लग्न लागलं. त्यांचं नवं नाव आनंदीबाई. पण सगळे त्यांना बायाच म्हणत, आणि मीही इथून पुढे तेच म्हणणार.

नवरा-बायको मुरूडला गेले तेव्हा गावाने बहिष्काराचा ठराव केला. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावात अण्णांबरोबर पंगतीला बसायची कुणाला मुभा नाही, आणि आई-भावाने घरात घेतलं तर त्यांच्यावरही तीच पाळी. अण्णांनी भांडण केलं नाही. ते पुण्याला परतले आणि विधवाविवाहाला उत्तेजन देणाऱ्या मंडळीची वही उघडली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की लग्न लावून सुटणाऱ्या विधवा मोजक्याच. उरलेल्या शेकड्यांना आधी दोन वेळचं अन्न, डोक्यावर छप्पर आणि हाताला काम हवं. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. पुण्यात प्लेग आला, शहरात राहणं कठीण झालं, तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. 1900 मध्ये माळावर एक झोपडी उभी राहिली.

ती झोपडी संस्थेच्या आवारात जपलेली आहे. आता तिच्या चहूबाजूंना महाविद्यालयांच्या इमारती, वसतिगृहं, दुचाक्यांचे तळ. हिंगण्याचं कर्वेनगर झालेलं. गेल्या पावसाळ्यात मी एकदा फर्ग्युसनच्या फाटकापासून तिथवर चालत गेलो. डेक्कन, मग मेट्रोच्या खांबांखालून नळस्टॉप, पुढे रस्ता रुंद होतो आणि डोकं शिणवतो. पावणेदोन तास लागले, बूट भिजले, आणि घरी येताना मी निमूटपणे रिक्षा केली. अण्णा कॉलेज सुटल्यावर हे चार मैल चालत जायचे. तेव्हा रस्ता नव्हता, चिखल होता, आणि खांद्या-डोक्यावर आश्रमाला लागणारं सामान असायचं. रात्र तिथे काढून सकाळी पुन्हा गणिताच्या तासाला हजर. वर्षानुवर्षं हे चाललं.

मग बाया कुठे होत्या? पुण्यातल्या बिऱ्हाडात, मुलांना घेऊन. हीच या घराची खरी अवघड जागा. आश्रमात मुली पाठवणारे आईबाप आणि पैसे देणारे देणगीदार सनातनी किंवा अर्धे-सुधारक. आश्रम म्हणजे पुनर्विवाहाचा कारखाना, असा बोभाटा झाला तर एक मुलगी येणार नाही, एक रुपया येणार नाही. म्हणून अण्णांनी दोन्ही कामं कटाक्षाने वेगळी ठेवली. त्याचा अर्थ असा झाला की विधवांसाठी काढलेल्या आश्रमात, एके काळची विधवा आणि आता पुनर्विवाहित असलेली संस्थापकाची बायको, हिलाच जागा नव्हती. व्यवहार म्हणून हे पटतं. पंगतीतून उठवलेल्या माणसाने स्वतःच्या बायकोला पंगतीबाहेर ठेवावं, हे गळी उतरत नाही. मी तरी ते मुरूडच्या ठरावाशेजारीच ठेवतो. फरक एवढाच की मुरूडच्या लोकांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

बाया गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेतलं, घर चालवलं, आल्यागेल्याचं केलं आणि नवऱ्याशी पैशावरून सडेतोड भांडण केलं. अण्णा पगारातलं उचलून आश्रमाला देत. साठवलेलं दिलं, आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावावर करून टाकली. उद्या यांचं बरंवाईट झालं तर पोरांनी काय खायचं, हा बायांचा प्रश्न. आठव्या वर्षी विधवा झालेल्या बाईला ‘बरंवाईट’ या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता. 1908 मध्ये अण्णांनी निष्काम कर्ममठ काढला आणि तनमनधन संस्थेला वाहायची शपथ घेतली. धन कुणाचं, हे त्यांनी घरी विचारलं होतं असं दिसत नाही.

बायांनी हे सगळं ‘माझे पुराण’ या आत्मकथनात सांगितलं आहे. 1944 मध्ये ते आलं. सुनेने, कावेरीबाई कर्व्यांनी, ते सिद्ध केलं. सत्तरी ओलांडलेली बाई घरात बसून बोलते आहे, मधेच नवऱ्यावर चिडते, मधेच त्याच्याच कौतुकात हरवते, अशी त्याची भाषा. मी ते पहिल्यांदा वाचलं आजीच्या कपाटातल्या प्रतीत. आजीने त्यात जागोजागी पेन्सिलीने बारीक फुल्या केल्या होत्या. फुल्या अण्णांच्या थोरवीपाशी नव्हत्या. पैशांच्या भांडणांपाशी होत्या. आमचे आजोबाही सार्वजनिक कार्यकर्ते होते, एवढं सांगितलं की पुरे.

नाटककार वसंत कानेटकरांना हे नातं दिसलं. ‘हिमालयाची सावली’ या 1972 च्या नाटकातले नानासाहेब भानू म्हणजे बरेचसे अण्णा, डॉ. श्रीराम लागूंनी ते रंगवले आणि त्यांच्या बायकोची, बयोची भूमिका शांता जोगांनी केली. रंगभूमीवर बयो लोकांना इतकी आवडली की खऱ्या बायांचं पुस्तक मागे पडलं. नाटकातली बाई शेवटी सावली होते. पुस्तकातली होत नाही.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही विधवा. ती मात्र आश्रमाची झाली, तिथली अधीक्षक झाली, वर्गणीसाठी गावोगाव हिंडली. इंग्रजी जेमतेम येत असताना 1918 मध्ये अमेरिकेला एकटी गेली. तिथे घरकाम करून पोट भरलं आणि आश्रमासाठी पैसे जमवले. अण्णांचं कर्तृत्व मोजताना सासुरवाडीच्या या दोन बहिणी वजा केल्या तर हिंगण्याच्या हिशेबात मोठी खोट येईल.

विद्यापीठाची गोष्ट अनेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. टपालाने जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली होती. ती तशीच बाजूला पडली. 1915 मध्ये राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद चालून आलं, भाषणात काय बोलावं याचा विचार करताना ती पुन्हा हाती लागली, आणि त्या डिसेंबरात मुंबईला त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. 1916 मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेव्हा विद्यार्थिनी पाच. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीचा विषय. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. आज एसएनडीटी म्हणताना त्या चार अक्षरांतली नाथीबाई कुणाला आठवत नाही, तसंच अण्णाही आठवत नाहीत.

मुलांकडे वळू. चार मुलगे: राधाबाईंचा रघुनाथ, बायांचे शंकर, दिनकर, भास्कर. शंकर डॉक्टर होऊन मोंबासाला गेला, भास्कर हिंगण्याच्या कामात राहिला, दिनकर रसायनशास्त्र शिकवत फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. रघुनाथाने मात्र बापाचा हट्टीपणा घेतला आणि तो बापालाही झेपणार नाही अशा कामाला लावला. 1899 मध्ये मॅट्रिकला पहिला आलेला हा गणिती. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी संततिनियमनाचं केंद्र काढलं त्याच 1921 साली यांनी मुंबईत काढलं. त्या प्रचारापायी 1925 मध्ये प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, पदरमोड करून, अखेरपर्यंत. खटले झाले, 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. दंड भरला आणि पुढचा अंक काढला. पत्नी मालतीबाईंनी पोटाला चिमटा काढून हे निभावलं, म्हणजे बायांचंच प्रारब्ध पुढच्या पिढीत.

अण्णा या कामापासून लांब राहिले. एका वेळी एकच काम धरायचं हा त्यांचा नेम. शिवाय ज्यांच्याकडे देणगी मागायची त्यांच्याच अंगाचा तिळपापड होईल असं मुलगा दरमहा छापणार. आश्रमासाठी बायकोला बाहेर ठेवणारा माणूस मुलाचा झेंडा खांद्यावर घेईल ही अपेक्षाच चुकीची. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने लिहिलीच पाहिजे. त्या काळच्या कर्त्या पुरुषाच्या हाती धाक नावाचं हत्यार असे. अण्णांनी ते मुलांवर चालवलं नाही. रघुनाथराव नास्तिक, तोंडाचे फटकळ. ते जसे होते तसे राहू शकले. 14 ऑक्टोबर 1953 रोजी ते गेले तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे होते. बाया त्याआधीच, 1950 मध्ये गेलेल्या. दीर्घायुष्याच्या शुभेच्छा देणारे हा भाग कधी बोलत नाहीत.

दिनकररावांची बायको इरावती. ब्रह्मदेशात जन्मलेली, रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढलेली. रँग्लर म्हणजे अण्णांच्याच नात्यातले. 1928 मध्ये इरावतीबाईंनी मानववंशशास्त्राच्या अभ्यासाला जर्मनीला जायचं ठरवलं, आणि महिला विद्यापीठाचे संस्थापक असलेल्या सासऱ्यांना ते पसंत पडलं नाही. हे वाक्य मी दोनदा तपासून लिहितो आहे. दिनकररावांनी जीवराज मेहतांकडून कर्ज काढून बायकोला पाठवलं. अण्णांनी नापसंती कळवली आणि वाट अडवली नाही. गंमत म्हणजे 1929 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा स्वतः युरोपला निघाले. शिक्षणपरिषदा केल्या, भाषणं वाचली, ज्या बर्लिनमध्ये सून शिकत होती त्याच बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले, अमेरिका आणि जपान करून परत आले. लगेच 1930 च्या अखेरीस आफ्रिका: केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका. पंधरा महिने. सगळीकडे पावतीपुस्तक बरोबर.

इरावतीबाईंनी पुढे सासऱ्यांवर जो लेख लिहिला तो दिनकररावांनी संपादित केलेल्या, 1963 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापलेल्या इंग्रजी पुस्तकात आहे. मराठी घरातल्या वडीलधाऱ्याविषयी इतकं प्रेमाने आणि इतकं बेडरपणे कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. अशा माणसाची सून होण्यातलं भाग्य आणि त्याची बायको न होण्यातलं त्याहून मोठं भाग्य, दोन्ही त्यांनी एका दमात मोजलं आहे. आजीच्या पेन्सिलीच्या फुल्यांना छापील पुरावा मिळाला तो इथे. या घरातून पुढे जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या लेखिका आल्या, आनंद कर्वे हे शास्त्रज्ञ आले. घरातल्या मोठ्या माणसाबद्दल खरं लिहायला हरकत नाही, हे बाळकडू त्यांना बायांच्या पुराणापासून मिळालं असणार, असा माझा तर्क.

म्हातारपणी अण्णा घरी बसले असते तर कुणी दोष दिला नसता. 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं: जिथे सरकारी शाळा नाही अशा खेड्यांत शाळा. पेन्शन महिना सत्तर रुपये, त्यातले पंधरा या कामाला. 1944 मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, माणसामाणसांतल्या समतेसाठी समता संघ. हे पाऊल उशिराचं होतं. हिंगण्याचा आश्रम प्रामुख्याने ब्राह्मण विधवांचा होता, ही टीका तेव्हाही होत होती आणि ती खोटी नव्हती. माणसाने एवढी वर्षं काम करून शहाऐंशीव्या वर्षी आपली राहिलेली बाकी मांडायला घ्यावी, यात मला त्यांचा गणिती स्वभाव दिसतो.

1955 मध्ये पद्मविभूषण, 1958 मध्ये भारतरत्न. शंभराव्या वाढदिवशी टपाल खात्याने तिकीट काढलं. हयात भारतीयाचं चित्र असलेलं ते पहिलं तिकीट. त्या एवढ्याशा तिकिटावर तोच बारीक अंगाचा माणूस आहे. वयाचा दाखला मागायला तेव्हा साताऱ्याचे साहेब नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत घरोघर आजोबांच्या गोष्टी निघतात. फराळाच्या ताटापाशी कुणीतरी म्हणतं, आमचे आजोबा असे होते, तसे होते. आणि स्वयंपाकघरातून आजीचा खोकला ऐकू येतो. तो खोकला लिहून घ्या. जमल्यास फोनवर ध्वनिमुद्रित करा. अण्णांचं ‘आत्मवृत्त’ आणि बायांचं ‘माझे पुराण’, दोन्ही पुस्तकं जुन्या ग्रंथालयांत मिळतात. आधी ‘पुराण’ वाचा.